माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखतीची वेळ चुकू नये म्हणून

हार्वर्ड, प्रिन्स्टन, एमआयटीसारख्या अमेरिकन विद्यापीठांत अर्ज केल्यावर तिथला एखादा माजी विद्यार्थी मुलाखतीसाठी ईमेल करतो. तो अमेरिकेत असेल तर वेळेचा घोळ हमखास होतो, कारण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात. न्यूयॉर्कचे रात्रीचे ८ म्हणजे ऑक्टोबरात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटेचे ५.३०, डिसेंबरात ६.३०.

१. अर्ज केल्यापासून स्पॅम फोल्डर रोज उघडा. हा ईमेल बऱ्याचदा त्या माणसाच्या खासगी पत्त्यावरून येतो आणि तिथेच अडकतो.

२. उत्तरात दोन्हीकडची वेळ, वार आणि तारीख लिहा: ‘तुमच्याकडे शनिवार ७ डिसेंबर रात्री ८, माझ्याकडे रविवार ८ डिसेंबर सकाळी ६.३०’. मग चूक असलीच तर समोरचा लगेच सांगतो. माझ्या भाचीच्या बाबतीत या एका ओळीनेच मुलाखत वाचली.

३. आदल्या रात्री स्वतःबद्दलचे दोन-तीन प्रसंग मोठ्याने सांगून बघा, आईला किंवा आजीला, कुणालाही. मुलाखत घेणाऱ्याने तुमचा अर्ज बहुधा पाहिलेला नसतो. ‘निबंधात लिहिलंय’ म्हणून काही गाळू नका.

४. त्याच दिवशी दोन ओळींचे आभार पाठवा.

मात्र ‘मला प्रवेश मिळेल का?’ हे त्यांना विचारू नका. ते फक्त अहवाल पाठवतात, निर्णय प्रवेश समितीचा असतो. आणि मुलाखतीचं बोलावणं आलंच नाही तरी घाबरू नका. सगळ्यांना पुरतील इतके माजी विद्यार्थी अनेकदा उपलब्धच नसतात.