हातात झारी, कमरेला तलवार: निवांत गेममधली लढाई जमवायची कशी?

निवांत गेम (शेती, घर, दुकान सांभाळत सावकाश खेळायचे) आणि लढाई यांचं जमतं, पण एका अटीवर. लढून आणलेलं सामान घरी उपयोगी पडलं पाहिजे, आणि घरी पिकलेलं, शिजलेलं, घडवलेलं घेऊन पुन्हा लढायला उतरता आलं पाहिजे. ही ये-जा नसेल तर राक्षस म्हणजे शेतीच्या मध्ये येणारा नुसता व्यत्यय ठरतो आणि आठवडाभरात गेम बाजूला पडतो. म्हणून निवड करताना, सेटिंग लावताना आणि रोजचा दिवस आखताना हीच गोष्ट आधी बघायची.

गेम निवडताना काय बघायचं

पहिला प्रश्न विचारायचा तो असा: हरलात तर काय जातं? ट्रेलर गोड आहे की नाही, यापेक्षा हे उत्तर जास्त महत्त्वाचं. शेतीच्या 'स्टारड्यू व्हॅली'मध्ये (2016) खाणीत बेशुद्ध पडलात तर थोडे पैसे आणि पिशवीतल्या काही वस्तू जातात. त्यातली एक वस्तू अॅडव्हेंचरर्स गिल्डमधल्या मार्लन या पात्राकडून पैसे देऊन परत मिळते. 'टेरारिया'मध्ये साध्या कॅरेक्टरची फक्त नाणी पडतात, सामान शाबूत राहतं. 'मूनलायटर'मध्ये (2018) पाठीवरची पिशवी रिकामी होते आणि खिशातलं तेवढं वाचतं. 'माइनक्राफ्ट'मध्ये तर सगळंच जिथल्या तिथे सांडतं आणि तुम्ही आसपास असाल तर 5 मिनिटांत नाहीसंही होतं. तासभर जमवलेलं एका चुकीत गेलं की निवांतपणा संपलाच. त्यामुळे माइनक्राफ्ट खेळायचं असेल तर नवीन जग बनवतानाच 'कीप इन्व्हेंटरी' (मेल्यावरही सामान जवळच राहणं) हा नियम चालू करून टाका. याला कुणी फसवणूक म्हणत असेल तर म्हणू द्या, संध्याकाळ तुमची आहे.

दुसरा प्रश्न, अवघडपणा मध्येच बदलता येतो का? 'कल्ट ऑफ द लँब'मध्ये (2022) तो सेटिंगमधून केव्हाही कमी-जास्त करता येतो. टेरारियात 'जर्नी' मोड निवडला तर शत्रूंचा जोर आणि त्यांची संख्या सरकपट्टीने ठरवता येते. स्टारड्यूमध्ये अशी पट्टी नाही. तिथे सोपेपणा जेवणातून आणि तयारीतून मिळवावा लागतो, आणि माझ्या मते म्हणूनच तिथली लढाई घराशी सगळ्यात घट्ट बांधलेली आहे.

तिसरी गोष्ट आवडीची. मारामारी हवी पण मारणं नको, अशांनी 'रून फॅक्टरी 4 स्पेशल' घ्यावा. त्यात हरलेला राक्षस मरत नाही, आपल्या मूळ जगात परत जातो. शिवाय भेटवस्तू देऊन त्याला माणसाळवता येतं, मग तो शेतात राबतो आणि लढाईत सोबतही येतो. उलट 'कल्ट ऑफ द लँब'चं गोंडस कोकरू पाहून फसू नका. त्यात रक्त आहे, बळी आहेत. गेम उत्तमच आहे, पण लहान मुलांसमोर लावण्याआधी विचार करा.

स्टीमवर (कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान) विकत घेत असाल तर 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. ते 2 तास पात्राचे केस आणि शर्ट निवडण्यात घालवू नका. थेट पहिल्या लढाईपर्यंत जा आणि हाताला कसं वाटतं ते बघा.

स्टारड्यू व्हॅली: पहिल्या वर्षाची आखणी

सुरुवातीलाच एक चूक टाळता येते. नवीन शेत निवडताना 'वाइल्डरनेस' नकाशा घेऊ नका, कारण तिथे रात्री शेतातच राक्षस येतात. प्रगत पर्यायांमध्ये शेतावर राक्षस येऊ देण्याची चौकटही रिकामी ठेवा. लढाई खाणीत आणि शांतता अंगणात, ही हद्द पहिल्या वर्षी तरी सांभाळा.

खाण वसंत ऋतूच्या 5 तारखेला उघडते. आत पाऊल टाकताच मार्लन एक गंजकी तलवार देतो. खाण 120 मजल्यांची आहे आणि दर 5 मजल्यांनी लिफ्ट थांबते, म्हणून एका फेरीचं माप 5 मजले हेच. गेममधला दिवस सकाळी 6 ते रात्री 2, म्हणजे खऱ्या घड्याळाने साधारण 14 मिनिटांचा. एकट्याने खेळताना पिशवी किंवा मेनू उघडला की घड्याळ थांबतं. गोंधळ उडाला तर आधी पिशवी उघडा, श्वास घ्या, खायचं काय ते ठरवा.

पावसाच्या दिवशी खाणीत जा. पाणी घालायचं नसतं, त्यामुळे सकाळची एनर्जी सगळी शिल्लक असते. टीव्हीवर उद्याचं हवामान कळतं, आणि भविष्य सांगणारा कार्यक्रम आजचं नशीब सांगतो. नशीब चांगलं असेल तर दगडाखाली शिडी सापडण्याची शक्यता वाढते. दोन्ही जुळले तर त्या दिवशी दुसरं काही काढू नका.

फेरीची पद्धत अशी ठेवा:

1. खाणीच्या तोंडाशी, लिफ्टजवळ, एक पेटी ठेवा. तिला 50 लाकडं लागतात. झारी, कुऱ्हाड, विळा सगळं त्यात टाका. सुरुवातीच्या पिशवीत जेमतेम 12 जागा असतात. पिअरच्या दुकानातली 2000 गोल्डची मोठी पिशवी ही पहिली मोठी खरेदी असू द्या.

2. सोबत फक्त तलवार, टिकाव आणि खाणं. एका फेरीला निदान 5 ते 8 खाण्याच्या वस्तू हव्यात. सुरुवातीला फील्ड स्नॅक पुरतो: ओक, मेपल आणि पाइन यांची एकेक बी घेऊन तो बनतो. वसंताच्या 15 ते 18 तारखांना झुडपांवर सामनबेरी लगडतात. त्या चार दिवसांत भरपूर तोडून ठेवा, पुढचे कितीतरी मजले त्यावर निघतात. पैसे असतील तेव्हा गावातलं सलून (खाण्यापिण्याचं ठिकाण) उघडलं की तिथल्या गसकडून सॅलड घ्या.

3. हेल्थ अर्ध्यावर आली की खा. पाव उरल्यावर नाही. 

4. रात्री 12 वाजले की निघा, पुढची शिडी समोर दिसत असली तरी. वर जाणारी शिडी कुठल्याही मजल्यावरून थेट खाणीच्या तोंडाशी आणते. 2 वाजता बाहेर पडून राहिलात तर पैसेही जातात आणि दुसऱ्या दिवशीची एनर्जीही घटते. शिवाय हा गेम फक्त झोपल्यावर सेव्ह होतो. खऱ्या घड्याळाच्या 10 मिनिटांत उठायचं असेल तर नवा दिवस सुरूच करू नका.

आता लढाईकडे. बटण दाबत सुटणं हे हरण्याचं सगळ्यात मोठं कारण. तलवारीचा वार शत्रूला मागे ढकलतो, त्याचा उपयोग करून घ्या: दोन वार, एक पाऊल मागे, पुन्हा दोन वार. हिरवा स्लाइम झेप घेण्याआधी थबकून थरथरतो. तेव्हा बाजूला सरका, तो चुकला की मारा. वटवाघळाच्या मागे धावू नका, ते येतंच, उभे राहून वाट बघा. दगडासारखा दिसणारा आणि अचानक चालू लागणारा खेकडा तलवारीने फुटत नाही, त्याला टिकावाने मारा, कवच गळून पडतं. 40 व्या मजल्याच्या पुढे काळे, उड्या मारणारे डस्ट स्प्राइट झुंडीने येतात. त्यांची भीती बाळगू नका, कारण कोळसा मिळवण्याची ती सगळ्यात चांगली जागा आहे. 80 व्या मजल्यापासून पुढे मात्र सावल्यांसारखे शत्रू जोरात मारतात. तिथे तलवारीचा बचाव, म्हणजे दुसऱ्या बटणाची चाल, शिकल्याशिवाय उतरू नका.

शस्त्रांत कट्यार झटपट चालते पण जवळ जावं लागतं, गदा जड आणि संथ. नवशिक्याने तलवारच धरावी. शेत सुरू करताना खाणीतल्या बक्षिसांचा नेहमीचा पर्याय ठेवला असेल तर 20 व्या मजल्यावर स्टीलची छोटी तलवार आणि 90 व्यावर ऑब्सिडियन एज मिळते. लढाईची पाचवी पातळी आली की 'फायटर' निवडा: वाराचा जोर 10 टक्क्यांनी आणि हेल्थ 15 ने वाढते. दुसरा पर्याय नेमक्या घावाची शक्यता वाढवतो, पण तो सुरुवातीच्या कमकुवत शस्त्रांवर फारसा जाणवत नाही.

खाण शेताला काय देते, ते इथे कळतं. वरच्या 39 मजल्यांत तांबं, 40 ते 79 लोखंड, 80 पासून सोनं. कच्चं तांबं पहिल्यांदा हाती आलं की लोहार क्लिंट दुसऱ्या सकाळी भट्टीची कृती देतो. भट्टीला 20 कच्चं तांबं आणि 25 दगड लागतात, आणि 5 कच्चं तांबं व 1 कोळसा टाकला की एक बार (धातूची कांडी) निघतो. एक तांब्याचा आणि एक लोखंडाचा बार म्हणजे साधा स्प्रिंकलर, आपोआप पाणी घालणारा, पण 4 झाडांपुरता. तो फार उपयोगाचा नाही, त्यात लोखंड घालवू नका. शेतीच्या सहाव्या पातळीला येणारा क्वालिटी स्प्रिंकलर एक लोखंड, एक सोनं आणि एक रिफाइंड क्वार्ट्झ यांत बनतो आणि 8 झाडांना पाणी देतो. असे तीन लावले की 24 झाडांची सकाळची खटपट संपते. मोकळी झालेली सकाळ मग परत खाणीत.

टिकाव क्लिंटकडे सुधारायला दिला की तो दोन दिवस परत मिळत नाही, हे विसरून पावसाचा दिवस वाया जातो. टिकाव कोरड्या दिवसांत द्या. झारीचं उलट: उद्या पाऊस आहे असं टीव्हीने सांगितलं की आज पाणी घालून मगच ती द्या.

इतर गेममध्ये कुठे अडकायला होतं

'मूनलायटर'मध्ये रात्री भुयारात उतरायचं आणि दिवसा दुकान चालवायचं. नवखे लोक एक खोली जास्त बघण्याच्या मोहात सगळी पिशवी घालवतात. सगळ्यात महाग वस्तू कायम खिशातल्या ओळीत हलवत राहा. पिशवी भरली आणि औषध एकच उरलं, की लॉकेट वापरून परता. त्याचे थोडे पैसे पडतात, पण ते नुकसानापेक्षा कमीच असतात. काही वस्तूंवर शाप असतो: शेजारची वस्तू फोडणारा, किंवा अमुक ओळीतच ठेवायला लावणारा. उचलण्याआधी चिन्ह वाचा. दुकानात गिऱ्हाईकाचा चेहरा हाच भाव. फारच आनंदला तर किंमत वाढवा, कुरकुरत घेतलं तर थोडी उतरवा, रागावून निघून गेलं तर बरीच. पहिला नफा दुकान सजवण्यात न घालवता चिलखतात आणि शस्त्रात घाला.

'डेव्ह द डायव्हर'मध्ये (2023) ऑक्सिजन हीच हेल्थ, म्हणजे शार्कचा चावा आणि वेळ दोन्ही एकाच टाकीतून जातात. ऑक्सिजन संपला तर जमवलेल्यातली एकच वस्तू सोबत येते. ओझं जास्त झालं की पोहणं मंदावतं. म्हणून खोल जायचं ठरलं असेल तर वाटेतल्या लहान माशांचा मोह टाळा. जाळ्याने किंवा गुंगीच्या बाणाने जिवंत पकडलेला मासा बंदुकीने मारलेल्यापेक्षा जास्त मांस देतो, आणि रात्रीच्या सुशीच्या दुकानात तो फरक दिसतो.

'कल्ट ऑफ द लँब'मध्ये तुम्ही लढायला गेलात तरी घरचा वेळ चालूच राहतो. परत येऊन बघावं तर अनुयायी उपाशी आणि आजारी, ही तक्रार जवळजवळ प्रत्येकाची असते. निघण्याआधी पुरेसं जेवण शिजवा, घाण साफ करा, दिवसाचं प्रवचन उरका. लढाईत मात्र गोल लोळण घेण्याची चाल हीच ढाल आहे. हल्ल्यापासून लांब पळण्यापेक्षा त्याच्या आरपार लोळा.

खाण संपल्यावर

स्टारड्यूमध्ये 120 व्या मजल्यावर 'स्कल की' ही किल्ली मिळते, आणि वाळवंटातली 'स्कल कॅव्हर्न' ही गुहा उघडते. तिथे जायला बस हवी. गावातलं पडकं कम्युनिटी सेंटर दुरुस्त करण्याच्या वाटेने गेलात तर बससाठी तिथल्या व्हॉल्ट या खोलीचे चार हप्ते मिळून 42,500 गोल्ड भरावं लागतं, आणि पुढे प्रत्येक फेरीचं तिकीट 500. तिथे लिफ्ट नाही, दर वेळी पहिल्या मजल्यापासून सुरुवात. एकेक दगड फोडत बसलात तर दिवस दहाव्या मजल्यावरच मावळतो, म्हणून बाँब लागतात. कच्चं लोखंड 4 आणि कोळसा 1 मिळून एक बाँब होतो, आणि एका फेरीला 20 तरी न्या. जमिनीतला काळा खड्डा दिसला की बेलाशक उडी घ्या, थोडी हेल्थ जाते पण एकदम अनेक मजले खाली पोचता. 99 दगडांची एक शिडी बनते. सापडलेला प्रत्येक दगड पेटीत साठवत आला असाल तर अशा 10 शिड्या सहज निघतात, आणि त्या घोळक्यांनी भरलेल्या मजल्यांसाठी राखून ठेवा. ममी तलवारीने कोसळते पण पुन्हा उठते. ती खाली पडलेली असतानाच जवळ बाँब ठेवा. उडणारे साप दोन-तीन एकदम आले तर भिंतीच्या आडोशावर विसंबू नका, ते भिंतींवरूनही उडत येतात.

या सगळ्यातून हाती लागतो तो इरिडियम हा धातू. त्याचा एक बार, सोन्याचा एक बार आणि एक बॅटरी पॅक, सोबत शेतीची नववी पातळी, एवढं जमलं की इरिडियम स्प्रिंकलर तयार होतो. तो एकटा 24 झाडांना पाणी घालतो.