रीसेट स्टाइलशीट आणि देवनागरीचे पान

वेब डिझाइन नव्याने शिकणाऱ्यांनी एक मथळा, एक परिच्छेद, एक यादी आणि एक बटण एवढेच असलेले पान कोणतेही सीएसएस (पानाचे रूप ठरवणारे नियम) न जोडता क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत उघडून पाहावे. भोवतीचा 8 पिक्सेलचा समास, यादीच्या डावीकडची 40 पिक्सेलची जागा, मथळ्याचा मोठा आकार, हे सारे ब्राउझरच्या स्वतःच्या स्टाइलशीटमधून, म्हणजे सीएसएस नियमांच्या फाइलमधून येते. बटणाचे रूप तर प्रत्येक ठिकाणी वेगळे दिसते.

पूर्वी हे फरक फार त्रासदायक होते. यादीची तीच जागा जुना इंटरनेट एक्सप्लोरर मार्जिनने (घटकाबाहेरच्या अंतराने) सोडत असे, तर फायरफॉक्स पॅडिंगने (घटकाच्या आतल्या अंतराने). त्यामुळे नुसते मार्जिन शून्य केले, तर एकीकडे यादी सरकत असे आणि दुसरीकडे जागची हलत नसे. सीएसएसचे जाणकार एरिक मेयर यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीसेटने, म्हणजे ब्राउझरची मूळ शैली पुसणाऱ्या स्टाइलशीटने, अशी सगळी अंतरे शून्यावर आणली. नंतर आलेल्या नॉर्मलाइझ या स्टाइलशीटने उपयोगी मूळ शैली राखून केवळ तफावत दूर केली. बूटस्ट्रॅप किंवा टेलविंड हे तयार सीएसएस संच वापरणाऱ्यांच्या पानात अशी फाइल आपोआपच येते, म्हणून ती एकदा ओळ न ओळ वाचावी, असा माझा आग्रह आहे.

मराठी मजकुरासाठी हे वाचन विशेष गरजेचे आहे. मेयर यांच्या रीसेटमध्ये लाइन-हाइट (फाँटच्या आकाराच्या पटीत ओळीची उंची) 1 आहे, नॉर्मलाइझमध्ये 1.15. रोमन लिपीला एवढ्यावर कसेबसे निभावता येते. देवनागरीत मात्र मथळा दोन ओळींत मोडला, की वरच्या ओळीतल्या ‘द्रु’चा उकार खालच्या ‘र्वां’वरील रफार-अनुस्वाराला भिडतो. म्हणून रीसेटनंतर लगेच मी मजकुराला 1.7 आणि मथळ्यांना 1.4 च्या आसपास लाइन-हाइट देतो, आणि मग फाँटनुसार त्यात थोडा बदल करतो. बटणे व इनपुट (मजकूर भरायचे रकाने) हे घटक मेयर यांच्या रीसेटमधील घटकांच्या यादीत नाहीत, त्यामुळे पानाला निवडलेला मराठी फाँट त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यांना ‘फाँट: इनहेरिट’, म्हणजे भोवतालच्या घटकाचाच फाँट घे, असे वेगळे लिहावे लागते.

रीसेटची फाइल नेहमी आपल्या स्टाइलशीटच्या आधी जोडावी. 2007 ची आवृत्ती कुठे हाती लागली, तर तिच्यात फोकसची, म्हणजे त्या क्षणी निवडलेल्या घटकाभोवतीची, चौकट काढून टाकलेली आहे हे ध्यानात घ्यावे आणि ती चौकट स्वतः परत द्यावी, कारण केवळ कीबोर्डवर काम करणाऱ्याला आपण पानावर कुठे आहोत हे तिच्यावरूनच कळते.