लोकरीचं भरिताचं वांगं विणायचंय? मग आधी शिवण शिका

मे महिन्यात ४५ डिग्रीला जाणाऱ्या जळगावात स्वेटर विणून देणार कोणाला, म्हणून मी अशाच गमतीजमती विणते, केळीची फणी, मिरची आणि सगळ्यात जास्त मागणी असलेलं भरिताचं वांगं. पुण्याला गेलेल्या भाच्यांना तर दरवर्षी हेच पाहिजे असतं.

एक सांगते, जांभळं विणू नका. नेटवरचे सगळे पॅटर्न जांभळेच असतात, पण आपलं वांगं फिकट हिरवं आणि पांढऱ्या रेघांचं, त्याला २०१६ मध्ये जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळालाय, जांभळं दिलं तर खान्देशी माणूस तोंडावर हसेल.

साधी मध्यम लोकर आणि १० नंबरच्या सुया घ्या. वीण घट्टच पाहिजे, नाहीतर आत भरलेलं फायबर (खेळण्यांत भरतात तो कृत्रिम कापूस) बाहेर डोकावतं. १० टाके घाला, सुरुवातीला हातभर धागा सोडून. एक ओळ उलट. पुढच्या सुलट ओळीत प्रत्येक टाक्यातून दोन काढा (२०), त्यापुढच्या सुलट ओळीत एक साधा आणि पुढच्यातून दोन (३०), मग दोन साधे आणि पुढच्यातून दोन (४०), मधल्या ओळी नुसत्या उलट. आता १६ ओळी टाके न वाढवता, एक सुलट एक उलट. मग तसंच कमी करत या, दोन साधे आणि पुढचे दोन एकत्र विणून ३०, चार ओळी साध्या, एक साधा आणि पुढचे दोन एकत्र (२०), परत चार ओळी, मग सगळेच दोन-दोन एकत्र (१०). धागा लांब ठेवून कापा, दहाही टाक्यांतून ओवून घट्ट ओढा. झालं, विणकाम एवढंच.

आता शिवण. माझं पहिलं वांगं बघून सासूबाई म्हणाल्या होत्या, "हाई वांगं शे का भोपया?" आणि खरंच, मी वरून गुंडाळून शिवलेलं, मधोमध ऑपरेशनच्या टाक्यांसारखा व्रण आलेला. पुढची तीन पण तशीच गेली.

चूक शिवताना नाही, विणतानाच झालेली. सगळे सांगतात ना, ओळीचा पहिला टाका न विणता नुसता सरकवून घ्या, कड छान येते. मफलरला येते हो, शिवायच्या तुकड्याला अजिबात नको, कारण मग दोन ओळींमागे एकच आडवा धागा मिळतो आणि शिवण फाकते. पहिला टाका विणायचाच.

शिवताना सुलट बाजू आपल्याकडे ठेवून दोन्ही कडा शेजारी शेजारी ठेवा. कडेचा टाका आणि त्याच्या शेजारचा टाका यांच्यामध्ये जरा ताणलं की शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे दिसतील. बोथट, मोठ्या नाकाच्या सुईने इकडची एक पायरी उचला, मग समोरची एक, परत इकडची, आणि सुई त्याच भोकात घाला जिथून मागच्या वेळी निघाली होती. दर टाक्याला ओढू नका!! पाच-सहा पायऱ्या सैल शिवा, मग धागा शिवणीच्या दिशेने हळूच ओढा, कडा आपोआप आत जातात. मी दर टाक्याला ओढायचे म्हणून वांगं एका बाजूला वाकायचं.

दोन बोटं जागा ठेवून फायबर भरा, चिमूट चिमूट, मूठभर एकदम कोंबलं की गुठळ्या दिसतात. "घरचा कापूस आहे की" असं कोणीतरी म्हणणारच, ऐकू नका, कापूस दबून गोळा होतो आणि धुतल्यावर लवकर वाळत नाही, सरकी राहिली तर अजूनच मजा. मग उरलेली शिवण पूर्ण करून सुरुवातीच्या धाग्याने बूड आवळून घ्या.

पांढऱ्या रेघा भरल्यानंतरच काढा, वरून खाली, मुद्दाम वेड्यावाकड्या. गडद हिरव्याची टोपी आणि देठ वेगळे विणून वर शिवा. डोळे लावायचे असतील तर छोट्या लेकराच्या वांग्याला बटण नको, ते तोंडात जातं, काळ्या दोऱ्याने भरा.