ईआरपी बसवताना या चुका टाळा

खरेदी, गोदाम, उत्पादन, विक्री आणि हिशेब हे सर्व विभाग एकाच नोंदीवर चालावेत यासाठी ईआरपी हे सॉफ्टवेअर घेतले जाते. पण त्यामुळेच एका टेबलावरची चूक संध्याकाळपर्यंत सर्व टेबलांवर पोहोचते. नागपूरजवळच्या हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांत हे काम करताना मला सर्वांत महाग पडलेली चूक एकच दिसते: आयटम मास्टर, म्हणजे सर्व वस्तूंची मूळ यादी, साफ न करता एक्सेलमधल्या जुन्या याद्या जशाच्या तशा चढवणे.

हिंगण्यातील एका कारखान्यात एकच बोल्ट ‘एम12 बोल्ट’, ‘बोल्ट 12 एमएम’ आणि ‘हेक्स बोल्ट एम12’ अशा तीन नावांनी चढला होता. त्यात खरेदी किलोने होई, गोदामातून माल नगाने निघे आणि एका किलोत किती नग बसतात हे कोणीच भरले नव्हते. एका नावाखाली साठा शून्य दिसला की खरेदी विभाग नवी ऑर्डर देई, दुसऱ्या नावाखाली साठा उणे जाई, आणि रॅकखाली त्याच बोल्टची पोती पडून असत. मालकांचा राग सॉफ्टवेअरवर होता. दोष आठ दिवसांत काम उरकण्याच्या घाईचा होता.

ही यादी कार्यालयात बसून साफ होत नाही. मी स्टोअरकीपरसोबत रॅकपुढे उभा राहतो, वस्तू हातात घेतो, एका वस्तूला एकच कोड देतो आणि नवा कोड उघडण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे ठेवतो. उणे साठ्याची परवानगी पहिल्याच दिवशी बंद करतो, मग बिल अडले म्हणून कोणी कितीही फोन केले तरी.

नागपूरहून छिंदवाडा आणि रायपूरला रोज माल जातो, म्हणून ग्राहकाच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक तपासा: महाराष्ट्र 27, मध्य प्रदेश 23, छत्तीसगड 22. ग्राहकाच्या मूळ नोंदीत चुकून महाराष्ट्र पडले, तर परराज्यातील विक्रीवरच्या आयजीएसटीऐवजी राज्यांतर्गत विक्रीचे सीजीएसटी आणि एसजीएसटी लागतात.

सुरुवातीची शिल्लक प्रत्यक्ष मोजणीवरूनच भरा. जुनी पद्धत निदान एक महिनाअखेर समांतर चालवा.

सर्वांनी मिळून एकच ‘ॲडमिन’ पासवर्ड वापरणे मला अजिबात मान्य नाही. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे बंधनकारक आहे, आणि सगळे बदल एकाच नावावर पडत असतील, तर लेखापरीक्षकाने विचारल्यावर दर कोणी बदलला हे सांगता येत नाही.