फाइल पुसली तरी जागा परत येईना : कर्नलमधला माझा पहिला बग

ऑपरेटिंग सिस्टिमच्या आत काय चालतं ते शिकायचंय पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, अशा मुलामुलींसाठी लिहितेय. पहिलंच सांगते, सरळ लिनक्सचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) उघडून बसू नका. थर्ड इयरला मी तेच केलं आणि महिनाभर नुसत्या फाइली उघडत आणि बंद करत राहिले, हाती काही लागलं नाही. त्यापेक्षा एक्सव्ही६ घ्या. अमेरिकेतल्या एमआयटीवाल्यांनी २००६ मध्ये शिकवण्यासाठी बनवलेला छोटासा कर्नल आहे, १९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीवर बेतलेला, २०१९ पासून रिस्क-फाइव्ह नावाच्या प्रोसेसरवर आलाय. क्यूईएमयू, म्हणजे लॅपटॉपमध्येच खोटा कॉम्प्युटर उभा करणारं सॉफ्टवेअर, टाकलं की कुठल्याही लॅपटॉपवर चालतो, माझा तर ४ जीबी रॅमवाला होता आणि आम्ही राहतो गोव्यात फोंड्याजवळ, पावसाळ्यात लाईट गेली की बॅटरी संपेपर्यंतच काय तो अभ्यास. सी भाषेतले पॉइंटर मात्र पक्के पाहिजेत, त्याला पर्याय नाही.

एमआयटीच्या कोर्समध्ये त्याच्यावर मोठ्या फाइलींचा एक सराव आहे, तो चुकवू नका. एक्सव्ही६ मध्ये प्रत्येक फाइलचा एक आयनोड असतो, म्हणजे तिची माहिती ठेवणारी नोंद, आणि त्यात डिस्कवरच्या ब्लॉकांचे १३ पत्ते, पहिले १२ थेट डेटाच्या ब्लॉककडे जातात आणि तेरावा अशा ब्लॉककडे ज्यात आणखी २५६ पत्ते लिहिलेले असतात. म्हणजे सगळे मिळून २६८ ब्लॉक, ब्लॉक १०२४ बाइटचा, तर फाइल जास्तीत जास्त २६८ केबीची. आपल्याला करायचं काय तर थेट पत्त्यांतला एक कमी करायचा आणि त्या जागी दोन पायऱ्यांचा पत्ता बसवायचा, म्हणजे तो २५६ पत्त्यांच्या ब्लॉककडे जातो आणि त्यातला प्रत्येक पत्ता आणखी २५६ पत्त्यांच्या ब्लॉककडे, २५६ गुणिले २५६. मग ११ अधिक २५६ अधिक ६५५३६, एकूण ६५८०३ ब्लॉक होतात. आयनोडचा आकार ६४ बाइट आहे तो तेवढाच राहायला हवा, म्हणूनच नवा पत्ता वाढवायचा नाही, आहे त्यातलाच एक घ्यायचा.

फाइलचा कितवा ब्लॉक डिस्कवर कुठे आहे ते काढणारं बीमॅप फंक्शन आहे, त्यात मी हे सगळं लिहिलं. बिगफाइल नावाचा टेस्ट प्रोग्राम आहे तो चालवला, स्क्रीनवर टिंबं उमटत गेली, पाच-सात मिनिटांनी शेवटी ओके आलं. परत चालवला, परत ओके. मला वाटलं झालं काम.

आमच्या वाड्यावरचा एक दादा वेर्ण्याला कंपनीत आहे, एम्बेडेडचं काम करतो. गणपतीत घरी आला तेव्हा त्याला दाखवलं. त्याने कोड बघितलाच नाही, एवढंच विचारलं, "फाइल बनवून बघितलीस गो, पुसून बघितलीस का?"

पुसून बघितली. परत बिगफाइल, परत पुसली, परत बिगफाइल. चौथ्या वेळेला टिंबं मध्येच थांबली आणि डिस्कवर ब्लॉक शिल्लक नाहीत असा मेसेज आला.

आता हिशेब बघा कारण बग हिशेबातच दिसतो. या सरावात डिस्क २००००० ब्लॉकची आहे. फाइल पुसली की शेवटी आयट्रंक फंक्शन चालतं, त्याचं काम फाइल शून्यावर आणून सगळे ब्लॉक मोकळे करायचं. मी ब्लॉक घेणारा कोड बदलला पण सोडणारा तसाच ठेवला. त्यामुळे ११ थेट ब्लॉक सुटत होते, पहिल्या पायरीचे २५६ आणि त्यांच्या पत्त्यांचा एक ब्लॉकही सुटत होता, पण दुसऱ्या पायरीवरचे ६५५३६ आणि त्यांचे पत्ते ठेवणारे २५७ दर वेळेला अडकून पडत होते. तीनदा पुसल्यावर १९७३७९ गेले. आधी नुसतं परत परत चालवलं तेव्हा हे का दिसलं नाही, तर बिगफाइल जुन्याच फाइलवर त्याच ब्लॉकांवर लिहितो, नवीन ब्लॉक मागतच नाही. म्हणजे चाचणी बरोबर होती, पण जिथे बग होता तिथे पोचतच नव्हती.

दुरुस्तीत क्रम महत्त्वाचा. कुळागरात, म्हणजे आमच्या माड-पोफळीच्या बागेत, घराला लागून असलेला माड पाडायचा असला की शेंड्यापासून तुकडे करत खाली येतात, बुंध्याला आधी हात लावत नाहीत, तसंच इथे. आधी डेटाचे ब्लॉक सोडायचे, मग त्यांचे पत्ते असलेला ब्लॉक, सगळ्यात शेवटी बुंध्याचा, म्हणजे ज्याचा पत्ता आयनोडमध्ये आहे तो. बुंध्याचा आधी सोडलात तर पुढच्यांचे पत्ते कुणाच्या तरी नवीन फाइलने पुसून टाकले असतील.

इथे मी अजून एकदा अडकले. लूपमध्ये प्रत्येक पत्त्यांचा ब्लॉक वाचला की काम झाल्यावर त्याचा बफर, म्हणजे वाचलेला ब्लॉक ठेवायची मेमरीतली जागा, परत द्यावा लागतो, ती एक ओळ राहिली. बफर सगळे मिळून ३० च, तिसाच्या पुढे कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नल तिथेच थांबतो, बफर नाहीत म्हणून. हा मेसेज आला की आधी तेच तपासा.

ते झालं, आणि तरीही डिस्क भरलेलीच! एक अख्खी संध्याकाळ मी बरोबर असलेला कोड वाचत बसले, आई जेवायला हाक मारत होती. कारण असं की कर्नल बदलला तरी डिस्कची इमेज फाइल (क्यूईएमयू जिला डिस्क म्हणून वापरतं ती) नवी बनत नाही, जुन्या बगने अडकवलेले ब्लॉक तिच्या बिटमॅपमध्ये, म्हणजे कुठला ब्लॉक वापरात (१) आणि कुठला मोकळा (०) त्या तक्त्यात, तसेच वापरात म्हणून मांडलेले. कोड सुधारला, डिस्कवरचं नुकसान राहिलं. इमेज पुसून परत मेक कमांड दिली की नवी बनते.

मग मी एक छोटा सिस्टिम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडून काम करून घ्यायची सोय) लिहिला, बिटमॅपमधली शून्यं मोजणारा. तुम्हीही लिहा, तीस-चाळीस ओळींचं काम आहे आणि फाइल सिस्टिम त्यातनंच कळते. बिगफाइलच्या आधी मोजलं, चालवलं, पुसलं, परत मोजलं. असं सहा वेळा केलं, सहाही वेळा आकडा तोच आला.