कोल्हापूर–नागपूर: हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ हाताने काढा

हे गणित साध्या कॅल्क्युलेटरवर होतं. मात्र अक्षांश-रेखांश विमानतळाचे घ्या, शहराचे नकोत.

कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ १६°४०′ उत्तर, ७४°१७′ पूर्व. नागपूरचा सोनेगाव विमानतळ २१°०५′ उत्तर, ७९°०३′ पूर्व.

अक्षांशांतला फरक ४°२५′, म्हणजे २६५ मिनिटं (एका अंशाची ६० मिनिटं; ही कोनाची, वेळेची नव्हेत). अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, त्यामुळे उत्तरेकडे २६५ नॉटिकल मैल. रेखांशांतला फरक २८६ मिनिटं. पण रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ येत जातात, म्हणून त्याला मधल्या अक्षांशाच्या (सुमारे १८°५२′) कोसाईनने, ०.९४६ ने, गुणा. पूर्वेकडे २७१ आले. दोन्हींचे वर्ग करून बेरीज, तिचं वर्गमूळ ३७९. त्याला १.८५२ ने गुणलं की ७०२ किलोमीटर. एवढ्या पल्ल्याला पृथ्वीच्या गोलाईने पडणारा फरक सोडून दिला तरी चालतो.

चुका बहुतेक दोनच जागी होतात. १६°४०′ हे १६.४० असं लिहिलं जातं; खरं ते १६.६७. एवढ्यावरून कोल्हापूर ३० किलोमीटर दक्षिणेला सरकतं! दुसरी चूक, नॉटिकल मैलाला साधा मैल समजून १.६०९ ने गुणणं. तसं केलं तर ७०२ चे ६१० होतात.

आता वेळ. विमान सरळ रेषेत जात नाही. ठरलेले बिंदू गाठत, वळणं घेत जातं. त्यासाठी ५ टक्के वाढवा: ३९८ नॉटिकल मैल. ४३० नॉटचं (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल) छोटं जेट धरलं तर ५६ मिनिटं, २७० नॉटचं एटीआर (पंख्यांचं छोटं विमान) धरलं तर ८८. चढण्या-उतरण्यात वेग कमी असतो, त्याची जेटला १० आणि एटीआरला ८ मिनिटं. वर दोन्हीकडच्या टॅक्सीची, म्हणजे विमान जमिनीवर चालण्याची, मिळून १२. म्हणजे जेटला साधारण १ तास २० मिनिटं, एटीआरला १ तास ५० मिनिटं. तिकिटावरची वेळ हीच असते: पार्किंगमधून निघाल्यापासून पार्किंगमध्ये थांबेपर्यंतची. तिला हवेतला वेळ समजून वेग काढू नका, उत्तर हास्यास्पद कमी येतं.

वारा सोडलात तर जाता-येता एकच वेळ निघेल, आणि ते खरं नसतं. हा मार्ग जवळजवळ नेमका ईशान्येकडे जातो. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेचा वारा असतो, तो ५० नॉट असेल तर मार्गाच्या दिशेने त्यातला ३५ नॉटच कामाला येतो (४५ अंशाचा कोसाईन ०.७०७). म्हणजे जेटला ५६ मिनिटांऐवजी जाताना ४६५ नॉट, ५१ मिनिटं. येताना ३९५ नॉट, ६० मिनिटं. पावसाळ्यात प्रकरण चमत्कारिक होतं: खाली नैऋत्येचा वारा, जेटच्या उंचीवर पूर्वेचा. म्हणजे जेटला नागपूरकडे जाताना समोरून वारा आणि खालून उडणाऱ्या एटीआरला कदाचित पाठीमागून.

धावपट्टीची दिशाही बघा. कोल्हापूरची ०७/२५ आहे, म्हणजे एका टोकाकडून साधारण ७० अंशाकडे तोंड, दुसऱ्याकडून २५० अंशाकडे. ०७ वरून उडालं तर नाक आधीच मार्गाच्या बाजूला असतं. २५ वरून उडालं तर उलट वळावं लागतं, त्याची दोन-तीन मिनिटं धरा.