अभ्यासाचा वीट येतोय? आधी या चुका टाळा

सोलापुरातल्या एका अभ्यासिकेत मी दोन वर्षं काढली. तिथे प्रत्येकाच्या टेबलासमोर वेळापत्रक चिकटवलेलं असायचं. माझंही होतं. पहाटे पाच ते रात्री अकरा, चार रंगांच्या स्केचपेननं आखलेलं. तिसऱ्याच दिवशी ते कोलमडलं, कारण नळाला पाणी आलं! आपल्याकडे पाणी रोज येत नाही; आलं की हातातलं टाकून पिंप, बादल्या, कळश्या भरायच्या. माझ्या वेळापत्रकात पाण्याला जागाच नव्हती. मग बुडालेले दोन तास रात्री भरून काढायचे, दुसऱ्या दिवशी पेंगायचं, पुन्हा बुडवायचं. महिन्याभरात पुस्तक बघितलं तरी चिडचिड व्हायला लागली.

म्हणून आठवड्यात अर्धा दिवस कोरा सोडा. राहिलेलं तिथे उरका. काहीच राहिलं नसेल तर खुशाल लोळा, त्या वेळेत नवा धडा घुसडू नका.

दुसरी चूक सुट्टीतली. दहा मिनिटं म्हणून मोबाइल उघडायचा आणि पाऊण तासानं मान वर करायची. डोळे आणि डोकं तेवढेच थकलेले, वर अपराधी वाटतं ते वेगळंच. उठा, पाणी प्या, गच्चीवर दोन फेऱ्या मारा. पोमोडोरो पद्धतीत २५ मिनिटं अभ्यास आणि ५ मिनिटं सुट्टी असते. पाठांतराला ती बरी, पण गणितात लय लागते तेवढ्यात घंटा वाजते. मला तिथे ५० आणि १० जमलं.

उन्हाळ्याचं तर विचारूच नका. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि आपण पत्र्याखाली भर दुपारी अर्थशास्त्र उघडतो! अवघड विषय सकाळी उरका. दुपारी वीस मिनिटं डुलकी, मग नकाशे किंवा उजळणी. रात्रीची झोप मात्र कापू नका. वाचलेलं झोपेतच पक्कं होतं.

बारावीवाल्यांची खास चूक म्हणजे ‘यंदा गड्डा नाही’, म्हणजे सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या जत्रेला जायचंच नाही. जानेवारीत होम मैदानावर पाळणे फिरतात आणि पोरगं घरात तोंड पाडून बसतं. अभ्यासही होत नाही, जत्राही नाही. एक संध्याकाळ जाऊन या की.

एकच पान तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नसेल तर चौथ्यांदा वाचू नका. पुस्तक मिटून कालच्या धड्यावरचे पाच प्रश्न सोडवा. तेही जमेनात तर त्या दिवशी दप्तर बंद. पण झोप, भूक दोन आठवडे बिघडलेलीच असेल, कशातच मन लागत नसेल, तर हे वेळापत्रकाचं दुखणं नाही. घरात सांगा, डॉक्टरांना भेटा. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट आणि मराठीतूनही बोलता येतं.